इनास अंकलचा पितळी बॅज

इनास अंकल पहिल्यांदा आमच्या दारात आले तेव्हा त्यांच्या कमरेला टॉवेल होता, अंगात बनियन होतं, केसांत साबणाचा फेस होता आणि बनियनवर, डाव्या बाजूला, पितळेचा बॅज होता. बॅजवर इंग्रजीत नाव, ‘इनास’. त्याखाली बारीक अक्षरांत देश, ‘इंडिया’.

दुबईतल्या अल मनखूलच्या त्या बिल्डिंगमध्ये आम्हाला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. मी दाराची साखळी न काढता फटीतून पाहिलं.

“गुड मॉर्निंग, मॅडम. इनास परेरा, समोरचा फ्लॅट.” त्यांनी एक बोट बॅजवर टेकवलं. “आमचं पाणी गेलंय. तुमच्याकडे असलं तर एक बादली मिळेल का?”

बादली दिली. पण मला राहवेना. थोड्या वेळाने ते बादली परत करायला आले, तेव्हा बॅज होताच, आता इस्त्रीच्या शर्टावर. मी विचारलंच, की डोळ्यांत साबण गेलेला असताना माणूस आधी बॅज कशाला शोधत बसतो?

“असं कसं, मॅडम? अनोळखी बाईच्या दारात जायचं, तेही टॉवेलवर. ओळख नको? ओळख फर्स्ट! बाकी सगळं नंतर, यल्ला-यल्ला, झटपट.”

इनास अंकल मूळ वसईचे. बर दुबईतल्या एका हॉटेलात ते तरुणपणी वेटर म्हणून लागले आणि आता तिथेच बँक्वेटच्या नव्या लोकांना शिकवतात. प्लेट कुठल्या हाताने ठेवायची, ग्लास कुठे धरायचा, सगळं नंतर. पहिला धडा बॅजचा. डाव्या बाजूला, खिशाच्या वर, अगदी सरळ. कुणाचा बॅज जरा कलला असेल तर अंकल अंगठ्याने तो सरळ करतात, आणि ही सवय हॉटेलबाहेरही सुटत नाही. एकदा लिफ्टमध्ये त्यांनी एका परक्या बँक-मॅनेजरचा बॅज सरळ केला. मॅनेजर दोन मजले हबकून उभा होता.

बॅजचे त्यांच्या लेखी दोन प्रकार. पिनवाला आणि मॅग्नेटवाला. मॅग्नेटवाल्याबद्दल त्यांचं मत फार वाईट आहे. “मॅग्नेट म्हणजे भाड्याचं घर, मॅडम. कधीही सुटतं. पिन कशी, शर्टाला टोचून बसते.” त्यामुळे त्यांच्या एकूण एक शर्टाला, चर्चच्या शर्टालासुद्धा, डावीकडे दोन बारीक भोकं आहेत. चर्चमध्येही बॅज असतोच. फक्त कन्फेशनला जाताना ते तो काढून खिशात टाकतात. तिथे नाव सांगायचं नसतं, म्हणून.

एका वर्षी आमच्या गणपतीला त्यांनी आलेल्या सगळ्यांसाठी बॅज करून आणले. माझ्या नवऱ्याच्या, समीरच्या बॅजवर ‘यजमान’ होतं. सासऱ्यांच्या बॅजवर ‘आरती’. आणि माझ्या बॅजवर ‘मोदक’. दिवसभर लोक माझ्याकडे बघून का हसतायत ते मला विसर्जनाला कळलं.

एवढी वर्षं शेजारी राहून मी मात्र त्यांच्यासाठी मॅडमच राहिले. त्यांच्या मुलीपेक्षा मी काही फार मोठी नाही. कितीदा म्हटलं, नावाने हाक मारा, नाहीतर लोर्नाला म्हणता तसं बाय म्हणा. तर बॅजवर बोट ठेवतात. “हा लावलाय ना, मॅडम. ड्युटीवरच्या माणसाने गेस्टला नावाने हाक मारायची नसते.”

“मग काढा की घरी आल्यावर.”

“घरी आल्यावर काढतो. पण घरी हाक मारायला कोण आहे?”

हे ते हसत म्हणाले होते, म्हणून मीही हसले होते.

लोर्ना त्यांची एकुलती एक. आंटी, म्हणजे तिची आई, वारल्या तेव्हा ती नर्सिंग शिकत होती. आता अमेरिकेतल्या कुठल्याशा लहान गावात एका हॉस्पिटलात नाइट शिफ्ट करते. इथे नेहमीच्या ॲपवरून व्हिडिओ कॉल लागत नाही, आणि दुसऱ्या ॲपची अंकलच्या फोनशी काय दुष्मनी आहे कोण जाणे, म्हणून दर रविवारी संध्याकाळी ते आमच्या हॉलमध्ये येऊन समीरच्या लॅपटॉपवरून लेकीशी बोलतात. तिची तेव्हा सकाळ असते. ती ड्युटीवरून दमून आलेली असते, हे नुकते केस विंचरून, बॅज लावून बसलेले असतात. आम्ही आमची कामं करत राहतो आणि अर्थात सगळं ऐकतो.

अशाच एका रविवारी लोर्ना म्हणाली, “पप्पा, डोन्ट पॅनिक. मी लायसन्स काढलंय.”

“गाडीचं तर आहे ना?”

“गनचं.”

मी पोह्यांवर कोथिंबीर घालत होते, ती तशीच हातात राहिली. लोर्ना शांतपणे सांगत होती. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये एक माणूस तिच्या मागे मागे गाडीपर्यंत आला होता. मग आणखी एकदा. दुसऱ्या वेळी तिने गाडीत शिरून दारं लॉक केली आणि तो काचेवर टकटक करत राहिला. तिच्याबरोबरच्या आणखी दोघीजणींकडेही आहे. लहानसं पिस्तूल. पर्समध्ये मावतं. रीतसर कोर्स केलाय, परीक्षा दिलीय.

मला वाटलं, अंकल आता ओरडतील, नाहीतर रडतील. त्यांनी विचारलं, “बॅज कुठं लावतेस?”

“कसला बॅज?”

“पिस्तुलाचा.”

“बॅज नसतो, पप्पा. कन्सील्ड कॅरी म्हणतात त्याला. कुणाला दिसता कामा नये. फक्त कार्ड असतं, ते पाकिटात.”

“थांब, थांब.” अंकल खुर्चीत पुढे सरकले. “म्हणजे आमच्याकडे सूप घेऊन चाललेल्या माणसाला बॅज लागतो. सूप! आणि तुमच्याकडे पिस्तूल घेऊन चाललेल्याला नाही?”

लोर्ना खळखळून हसली. समीर हसला. आमची इरासुद्धा तिच्या टॅबमधून डोकं वर काढून म्हणाली, “दॅट्स अ गुड पॉइंट, अ‍ॅक्च्युअली.” अंकल हसले नाहीत.

कॉल संपला तरी ते उठेनात. पोहे पुढे ठेवले, ते निवले.

“मॅडम, समजा काही झालं,” शेवटी ते म्हणाले. “पार्किंगमध्ये गडबड झाली. बायने पिस्तूल काढलं. कुणीतरी पोलिसांना फोन केला. पोलीस धावत आला. त्याला काय दिसणार? अंधार, आणि एक सावळी मुलगी, हातात पिस्तूल. तो विचारत बसणार आहे, की पोरी, तू नर्स आहेस का? त्याला कसं कळणार ती कोण आहे?”

समीरने लॅपटॉप बंद केला.

“बॅज असला तर कळेल,” अंकल म्हणाले आणि उठले. दारात वळून त्यांनी आम्हाला सांगितलं, “मी बायला बॅज लावायला लावणार. खलास.”

त्या दिवसापासून इनास अंकलनी पिस्तूलधारी नागरिकांना बॅज असावा की नसावा, हा प्रश्न हाती घेतला. कुठे, तर दुबईत. जिथे आमच्यापैकी कुणी पोलिसाच्या कमरेखेरीज कुठे पिस्तूल पाहिलेलं नाही. आमच्या बिल्डिंगमधलं सगळ्यात घातक हत्यार म्हणजे माझ्या सासूबाईंनी आणलेली विळी. पण अंकलना त्याचं काय! न्हाव्याकडे दाढीला बसले तरी तोच विषय. बिल्डिंगचा नातूर, म्हणजे रखवालदार, बिचारा पेशावरचा. त्याच्या गावाकडे म्हणे पुष्कळांच्या खांद्याला बंदूक असते. त्याला अंकलनी विचारलं, “उधर बॅज लगाता है?” तो म्हणाला, “साहब, उधर सब सबको जानता है.” हे उत्तर अंकलना इतकं आवडलं, की पुढचे पंधरा दिवस ते आपल्या बाजूचं म्हणून सांगत होते. चर्चमध्ये मिसा संपल्यावर बाहेर चहाच्या टेबलापाशी दोन तट पडले आणि फादरनी मध्ये पडून ख्रिसमसच्या गाण्यांचा विषय काढला.

समीर इन्शुरन्समध्ये आहे. तो वाद घालायला टपलेलाच असतो.

“अंकल, लपवलेलं म्हणजे लपवलेलं. बॅज लावला तर लपवलं काय? चोर आधी बॅजवालीलाच गाठेल. मागून येऊन पिस्तूल हिसकून घेईल.”

“म्हणून बॅज कोटाच्या आत लावायचा, सर. पिस्तूल काढायची वेळ आली की कोट बाजूला होणार. बॅज आपोआप समोर. मी सगळा विचार केलाय.”

“आणि उन्हाळ्यात?”

“उन्हाळ्यात पातळ कोट.”

पुढच्या रविवारी त्यांनी लेकीला हेच सांगितलं. लोर्नाने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

“पप्पा, असे बॅज इथे विकत मिळतात. नेटवर ढिगाने आहेत. आमच्या ट्रेनरने पहिल्याच दिवशी सांगितलं, घेऊ नका. लोकांना वाटतं ही पोलीस आहे, आणि पोलिसांना वाटतं ही पोलिसाचं सोंग करतेय. आणि दुसरं म्हणजे, बॅज लागला की माणूस बदलतो. गडबड दिसली की लांब पळायचं सोडून तो आत घुसतो. तुम्हाला मी पळायला हवीय की घुसायला?”

याचं उदाहरण तर अंकलनीच मला सांगितलेलं होतं. त्यांच्या हाताखाली एक अगदी मवाळ वेटर होता. त्याच्या बॅजवर ‘कॅप्टन’ लिहून आलं त्या दिवसापासून तो इतरांवर खेकसायला लागला. नाव तेच, माणूस तोच, चाल वेगळी. ते आठवून अंकल ओठ चावत बसले. मला वाटलं, संपला विषय.

“अक्षरं बारीक ठेवू,” ते म्हणाले.

मग बॅज करायची मोहीम निघाली. मला मीना बाजारात साडी फॉल लावायला द्यायची होती, म्हणून मीही बरोबर गेले. तिथल्याच एका गल्लीत ट्रॉफी, शिक्के, पाट्या करणाऱ्याचं दुकान आहे. अंकलनी त्याला खिशातून चित्र काढून दाखवलं. ढाल, ढालीवर चांदणी, चांदणीभोवती महिरप.

दुकानदाराने चित्र पाहिलं, मग अंकलना पाहिलं, मग चित्र उलटं करून काउंटरवर ठेवलं. “अंकल, ये पोलीस का माफिक है. ये नहीं बनाएगा. आप भी अंदर, मैं भी अंदर. खलास.”

दुसरा कुणी असता तर हुज्जत घातली असती. अंकलनी मान डोलावली. बाहेर येऊन मला म्हणाले, “त्याचं बरोबर आहे, मॅडम. खोटी ओळख नको.” चहा पिऊन आम्ही पुन्हा आत गेलो आणि त्यांनी त्यांना जो येतो तोच बॅज सांगितला. लंबगोल, पितळेचा, मागे पिन. वर ‘लोर्ना’. मध्ये ‘लायसन्स्ड’. खाली ‘इंडिया’. आणि त्याखाली, त्यांच्या हॉटेलात सगळ्यांच्या बॅजवर असतं तसं, येणाऱ्या भाषा. इंग्लिश, हिंदी, मराठी.

“भाषा कशाला, अंकल?”

“पोलिसाला बोलायचं झालं तर कुठल्या भाषेत बोलायचं, ते कळायला नको?”

“मराठीत?”

“असेल एखादा,” ते म्हणाले. “पंचेचाळीस दिरहम सांगतोय. म्हणजे हजार रुपयांच्या वर गेले की, मॅडम! पण काम चांगलं करेल.”

काम खरंच चांगलं झालं. रविवारी अंकलनी तो बॅज रुमालातून काढून कॅमेऱ्यासमोर धरला. लोर्नाने डोळे बारीक करून वाचला आणि ती टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. “पप्पा, हा लावून मी पिस्तूल काढलं ना, तर समोरचा माणूस टेबल फॉर टू मागेल!”

अंकल दुखावले. मला दिसलं ते. पण हार मानतील तर इनास अंकल कसले! “ट्रायल घेऊ,” ते म्हणाले. “हॉटेलात नवा मेनू आला की आम्ही आधी ट्रायल घेतो. बोलून काय होतंय? ट्रायल.”

ट्रायल आमच्या हॉलमध्ये झाली. सतरंजी गुंडाळून ठेवली, पडदे ओढले, दिवे बंद केले. इराकडे होळीच्या दोन पाण्याची पिस्तुलं होती, ती भरली. शिवाय समीरसाठी एक बाटली, झाकणाला भोक पाडून. समीर पोलीस. त्याने बाहेरून दार उघडून आत यायचं. आत मी आणि अंकल, दोघांच्या अंगात काळी जॅकेटं, डोक्या-तोंडाला टॉवेल गुंडाळलेले, दोघांच्या हातात पिस्तूल. एकजण चोर, दुसरा लायसन्सवाला. बॅज लायसन्सवाल्याच्या छातीवर. कोण कोण ते आम्ही आत ठरवायचं. पोलिसाने बॅज बघायचा आणि फक्त चोरावर पाणी मारायचं. इरा जज.

समीर दार उघडून आत आला आणि त्याने बॅज लावलेल्या मला चिंब केलं.

“बाबा, यू शॉट द गुड गाय,” इरा म्हणाली.

पुन्हा केलं. या वेळी बॅज अंकलना. समीरने अंकलना भिजवलं. “बाबा! अगेन!” मग अंकलनी बॅज जरा वर लावला. मग जॅकेटची चेन पूर्ण उघडली. मग पॅसेजचा दिवा लावून उजेड केला. एकदा समीरने चोराला बरोबर ओळखलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या, पण मी आधी शिंकले होते म्हणून त्याचा नेम माझ्याकडे वळला, हे त्याने प्रामाणिकपणे कबूल केलं. हसून हसून माझं पोट दुखत होतं. अंकल मात्र प्रत्येक खेपेला जास्त जास्त गंभीर होत गेले.

“लास्ट,” ते म्हणाले.

शेवटच्या खेपेला ते हॉलचा दिवा लावून त्याखाली, मधोमध उभे राहिले. छाती पुढे काढून. डाव्या हाताचं बोट बॅजवर टेकवलेलं, पहिल्या दिवशी माझ्या दारात टेकवलं होतं तसंच. उजव्या हातात हिरवं प्लास्टिकचं पिस्तूल. दार उघडलं. समीरने बाटली उचलली आणि नेमकं बॅजवरच पाणी मारलं.

पितळेवरून पाणी ओघळत होतं.

अंकलनी तोंडावरचा टॉवेल काढला. “सर, बॅज दिसला नाही?”

“नाही, अंकल,” समीर म्हणाला. त्याचं हसू गेलं होतं. “खरंच नाही दिसला. मला फक्त हात दिसला.”

अंकल तसेच ओले सोफ्यावर बसले. आम्हीही त्यांना सोफ्याबद्दल काही म्हटलं नाही. लोर्नाचा बॅज काढून ते टॉवेलने पुसत राहिले. बॅज केव्हाच कोरडा झाला होता. “हात दिसला,” ते स्वतःशीच म्हणाले. “बरोबर आहे. हातच दिसणार.”

मला तेव्हा फार वाईट वाटलं. इतके दिवस मी या माणसाची मजा बघत होते. त्याच्या डोक्यात मात्र ती पार्किंगची जागा होती, तो पोलीस होता, आणि आपली मुलगी होती.

रविवारी ते आले ते बॅजचा विषयच न काढता. लोर्ना नुकतीच घरी आलेली, अंगात अजून हॉस्पिटलचे निळे कपडे.

“बाय, पोलीस आला तर काय करायचं?”

“पप्पा, शिकवलंय आम्हाला. गन खाली ठेवायची, हात वर करायचे.”

“दाखव.”

“आत्ता?”

“दाखव.”

लोर्नाने कंटाळत हात वर केले.

“बोटं उघडी. अजून वर. तळहात दिसले पाहिजेत.” अंकल वाकून स्क्रीनच्या अगदी जवळ गेले होते. “पिस्तूल आधी जमिनीवर. मग हात. मग तोंड. तोंड शेवटी, बाय. जे काय सांगायचंय ते हात दिसल्यावर सांगायचं.”

ती आधी हसत होती. मग तिचं हसू थांबलं, पण हात तिने खाली घेतले नाहीत. वसईची एक दमलेली मुलगी तिथे हात वर करून बसली होती आणि तिचा बाप इथे, आमच्या हॉलमध्ये, ते हात नीट वर आहेत की नाही ते बघत होता. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

डिसेंबरात लोर्ना सुट्टीला आली. अंकलनी विमानतळावर तिला घ्यायला जाताना नवा शर्ट घातला आणि त्यालाही डावीकडे भोकं पाडली. घरात मैद्याचे फुगे तळले गेले, आंबट-तिखट इंदेल झालं, बिल्डिंगभर डबे फिरले. पिस्तूल अर्थात तिकडेच, कपाटात कुलूपबंद. इथे ते आणणं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

एका संध्याकाळी आम्ही सगळे अब्राच्या होडीने खाडीपलीकडे जाऊन आलो आणि मीना बाजारातून चालत घरी निघालो. गल्ल्या माणसांनी फुललेल्या. लोर्ना, मी आणि इरा पुढे, अंकल आणि समीर मागे. चालता चालता मला एक गोष्ट दिसली. मागून कुणाची पावलं जरा जवळ आली की लोर्नाचा हात पर्सवर जायचा. बोलणं चालूच, हसणं चालूच, पण बोटं पर्सच्या चेनवर. माणूस पुढे निघून गेला की हात खाली. पर्समध्ये होतं काय? लिपस्टिक आणि मेट्रोचं कार्ड.

मी मागे बघितलं. अंकलनीही ते पाहिलं होतं.

ते झपाझप पुढे आले आणि लोर्नाच्या अगदी मागे, हातभर अंतरावर चालायला लागले. त्यांचे हॉटेलचे बूट फरशीवर वाजत होते. लोर्नाचा हात लगेच पर्सकडे गेला.

“मीच आहे, बाय,” अंकल हळूच म्हणाले.

चार पावलं झाली की पुन्हा, “मीच आहे.” घर येईपर्यंत ते तसेच मागून चालत राहिले, मध्ये दुसऱ्या कुणाला येऊ न देता, आणि थोड्या थोड्या वेळाने म्हणत राहिले, मीच आहे. बिल्डिंग दिसायला लागली तेव्हा लोर्नाचा हात पर्सवरून सुटला होता.

जायच्या दिवशी टॅक्सी खाली येऊन थांबली. आम्ही सगळे पॅसेजमध्ये बॅगा घेऊन उभे. लोर्ना म्हणाली, “पप्पा, बॅज द्या.”

अंकल धावतच आत गेले आणि रुमालात गुंडाळलेला तो लंबगोल बॅज घेऊन आले. “पण पोलिसाला दिसत नाही गं. ट्रायल घेतली आम्ही.”

“हा नको. तुमचा द्या.”

“माझा?” त्यांचा हात छातीवर गेला. “हा जुना आहे. झिजलाय.”

“तोच हवाय. पोलिसासाठी नकोय, पप्पा. पर्समध्ये ठेवीन, पिस्तुलाच्या वर. हात आत गेला की आधी हा लागला पाहिजे.”

“लागला तर?”

“तर थांबेन जरा. आधी पळता येतंय का बघेन.”

अंकलनी पिन काढायला घेतली. रोज डोळे मिटून काढत असतील, पण तेव्हा ती निघेना. मी पुढे झाले तर त्यांनी मान हलवली. शेवटी निघाली. त्यांनी तो बॅज शर्टाच्या बाहीवर घासला, लेकीच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं एकेक करून मिटली.

लोर्ना गेली. बॅगा घेऊन तिच्याबरोबर खाली उतरलेले अंकल बराच वेळ वर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बेल वाजली. दारात इनास अंकल. अंगात इस्त्रीचा शर्ट, डावीकडे दोन भोकं. त्यांचा अंगठा सवयीने तिथे गेला, काही सापडेना म्हणून खाली आला.

“नवा मिळेल सोमवारी हॉटेलात,” ते म्हणाले. “जुना ड्युटीवर गेला.”

“हो,” मी म्हटलं.

ते तसेच उभे राहिले. काही मागायला आले असतील म्हणून मी हातांकडे पाहिलं. बादली नाही, वाटी नाही. दोन्ही हात रिकामे.

“घरात पाणी आहे, दूध पण आहे,” ते म्हणाले. “चहा एकट्याने प्यावासा वाटत नाही. दोन कप टाकतेस का, बाय?”

मी आत जाऊन आधण ठेवलं.